सांगायचं नाही

"आलं नको ना चहात?" देविकाने विचारलं, आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच पुढे म्हणाली, "जयवंतना चालायचं नाही. त्यामुळे मला सवयच लागलीय सगळ्यांना विचारायची."

"कसाही चालेल," मी म्हटलं. आवाजात काही फरक पडला नसावा, कारण ती मान हलवून पँट्रीच्या दिशेने गेली आणि मी परळच्या त्या काचेच्या इमारतीत, अप्पांच्या रिकाम्या टेबलाशेजारी, खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. खाली गिरणीचं धुराडं तेवढं शिल्लक ठेवलेलं दिसत होतं. भोवती हिरवळ, हिरवळीवर पाण्याचे फवारे. अप्पांना आलं चालायचं नाही. फणसवाडीतल्या आमच्या ओट्यावर मी रोज सकाळी आलं किसत होते, किसणीच्या पाठीला चिकटलेला चोथा बोटाने निपटून आधणात टाकत होते. आई करायची तसाच चहा मी तिच्यामागे चालू ठेवला होता. अप्पा कप दोन्ही हातांत धरायचे, वाफ तोंडावर घ्यायचे, पहिला घोट घेऊन "हं" म्हणायचे. त्या "हं"चा अर्थ मी इतकी वर्षं पसंतीचा लावत आले. आता ते गेल्यावर, त्यांच्या वस्तू न्यायला म्हणून आले असताना, एक परकी मुलगी जाता जाता मला सांगते की त्यांना ते चालतच नव्हतं. आणि मला दुःख झालं नाही. दुःख आता मला ओळखू येतं. ते दात घासताना येतं, दाराची कडी लावताना येतं. हे वेगळं होतं. हे बरगडीखाली होतं आणि आंबट होतं. लहानपणी शेजारच्या मुलीची वेणी आईला घालताना पाहिलं की जे व्हायचं, ते.

शिवाय ते "जयवंत". नुसतं, मोकळं. काका नाही, सर नाही. आईने आयुष्यभर त्यांना "अहो"वर भागवलं. चाळीत ते अप्पा होते, त्यांच्या जुन्या जहाज कंपनीत आडनावाने ओळखले जायचे. त्यांना त्यांच्या नावाने हाक मारणारं मला माहीत असलेलं शेवटचं माणूस म्हणजे आजी. मग ते नाव कित्येक वर्षं रेशनकार्डावर पडून राहिलं, आणि इथे, या थंडगार हॉलमध्ये, तिशीच्या एका मुलीने ते उचलून वापरायला काढलं. "आमच्याकडे सगळेच एकमेकांना नावाने बोलावतात," ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा म्हणाली होती. अप्पांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू आलं होतं ते मी नीट पाहिलं होतं. ज्याला दिसत नाही त्याच्या चेहऱ्याकडे आपण पोटभर बघू शकतो. त्याला कळत नाही, असं आपण धरून चालतो.

काचबिंदूने त्यांची दृष्टी कडेकडेने खात आणली. आधी दाराच्या चौकटी गेल्या, मग माणसांचे खांदे, आणि शेवटी मधोमध एक नाण्याएवढं भोक उरलं होतं तेही बुजलं. त्यांनी नोकरी सोडली. मी दादरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन त्यांच्या खाटेशी बसायची आणि वाचायची. आधी वर्तमानपत्र, अग्रलेखासकट, मग लायब्ररीतून आणलेलं पुस्तक, मग त्यांची पत्रं, बँकेचे मेसेज, औषधाच्या बाटलीवरची अक्षरं. त्यांच्यापर्यंत जगातलं जे काही अक्षर पोचे ते माझ्या गळ्यातून पोचे. मध्येच ते हात वर करायचे. "अनू, हे वाक्य परत." मी परत वाचायची. कधी एखादं कंटाळवाणं पान मी गाळायची, कधी एखाद्या दुष्ट वाक्याची धार कमी करून वाचायची, आणि ते माझ्यावर सोपवलेलं आहे याचं मला बरं वाटायचं. ही बरी वर्षं होती असं कोणापाशी म्हणता येत नाही. आंधळ्या बापाच्या मुलीने असं म्हणायचं नसतं.

मग दादरच्या एका संस्थेत ते स्क्रीन रीडर शिकायला जाऊ लागले. स्क्रीन रीडर म्हणजे कॉम्प्युटरवर जे असेल ते मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. त्याचा आवाज एका बाईचा होता. तिला श्वास नव्हता, घसा नव्हता, कधी खोकला येत नव्हता. सुरुवातीला ती सावकाश बोलायची आणि मराठी वाचताना अडखळायची, तेव्हा मी मनातल्या मनात हसून घेतलं. मग अप्पा तिचा वेग वाढवत गेले. जेवणखाण आटोपल्यावर खाटेवर मांडी घालून बसायचे, मांडीवर लॅपटॉप, आणि त्या यंत्रातून चिमण्यांनी भांडावं तसा एक चिवचिवाट चालायचा, ज्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं. अप्पांना सगळं कळायचं. ते मध्येच हसायचे. मी भांडी घासताना विचारायची, "काय झालं?" "काही नाही गं, एक बातमी," म्हणायचे. स्क्रीन ते बंदच ठेवायचे, अगदी काळी. "मला उजेडाचा काय उपयोग? बॅटरी तरी वाचते," म्हणायचे. खरंच होतं. पण मी समोर बसले की त्या काळ्या काचेत मला माझाच चेहरा दिसायचा आणि मागे दोरीवरचे वाळत घातलेले कपडे. कपाटात लायब्ररीचं पुस्तक खूण घातलेल्या पानावर तसंच राहिलं. "वाचू का?" असं मी एकदोनदा विचारलं. "तू दमलीस, पड आता," म्हणाले. मी दमले नव्हते.

त्या संस्थेतूनच देविकाच्या कंपनीने त्यांना उचललं. कंपन्यांच्या आतल्या कामाची सॉफ्टवेअरं असतात: रजेचे अर्ज, पगाराच्या स्लिपा, प्रवासखर्चाची बिलं. ती अंध, बहिऱ्या, हात न चालणाऱ्या माणसांना वापरता येतात की नाही हे तपासणं हे इथलं काम. त्याचे जगभरचे नियम ठरलेले आहेत. प्रत्येक बटणाला वाचता येईल असं नाव हवं, माउसशिवाय सगळीकडे जाता यायला हवं, चूक झाली तर ती नुसत्या लाल रंगाने दाखवून भागणार नाही. हे सगळं मला अप्पांनी जेवताना सांगितलं होतं, उत्साहाने, ताटातली आमटी भाताऐवजी भाजीत कालवत. साठी उलटलेला माणूस, पण पहिल्या नोकरीबद्दल बोलावं तसं. गाडी सकाळी ठाकूरद्वारच्या नाक्यावर यायची. मी शर्टाचा रंग सांगायची, तेवढं काम माझ्याकडे राहिलं होतं. मग फोनमधलं काहीतरी कपड्यांचे रंगही सांगायला लागलं.

आठवड्यातले काही दिवस ते घरून काम करायचे आणि पहिल्या वेळी सगळं मांडून द्यायला देविका स्वतः आली होती. प्रभादेवीला राहते, जुन्या मुंबईकर घरातली, बोलणं स्वच्छ, कानात लहानशा मोत्याच्या कुड्या. तपासणी करताना अप्पांनी मनात येईल ते मोठ्याने बोलायचं आणि ते सगळं रेकॉर्ड व्हायचं. त्या वेळेपुरती स्क्रीन चालू ठेवायची, म्हणजे ते कुठे अडले ते नंतर तिला बघता येईल. तिच्यासाठी उजेड, आणि मला काळी काच. अप्पा एका बटणापाशी अडकले. मी समोर होते, मला दिसत होतं. "अप्पा, खाली, उजवीकडचं," मी म्हटलं. देविका माझ्याकडे वळली. अतिशय गोड आवाजात म्हणाली, "ताई, सांगायचं नाही हं. तुम्ही सांगितलंत की ते सॉफ्टवेअर पास होतं. त्याला पास होऊ द्यायचं नाही." अप्पा खो खो हसले. "ऐकलंस? तुझी मदत म्हणजे कॉपी झाली, अनू." मी उठून चहा टाकला. तिनेही तो आल्याचा चहा पूर्ण प्यायला होता, हे मला आता आठवलं. तेव्हा तिला ठाऊक होतं का? की अप्पांनी नंतर इथे, कुणा पँट्रीवाल्याला, सहज सांगून टाकलं होतं, जे माझ्यापाशी सांगायला त्यांना इतकी वर्षं जमलं नव्हतं?

"कोण आहे?" शेजारच्या टेबलावरून आवाज आला. एक तरुण माणूस, काळा चष्मा नाही, डोळे मिटलेले, हेडफोनचा एक कप कानावर आणि दुसरा कानामागे सरकवलेला. अप्पाही घरी असाच लावायचे. एक कान ते माझ्यासाठी उघडा ठेवतात असं मी तेव्हा धरून चालले होते.

"जयवंत... त्यांची मुलगी," मी म्हटलं. ते नाव तोंडातून काढायला विचित्र वाटलं.

"अरे! मी दीपक. लालबागचा. तुमच्या अप्पांचा पार्टनर." त्याने हात पुढे केला, तो थोडा माझ्या डावीकडे गेला, मी तो गाठला. "म्हणजे तुम्हीच त्या गप्पवाल्या ताई!"

"काय?"

"अहो, इथे सगळे ओळखतात तुम्हाला. आवाज कुणी ऐकला नाही, पण गप्प बसणं सगळ्यांनी ऐकलंय."

"दीपक," चहा घेऊन आलेली देविका म्हणाली, "जरा दमाने."

"मी काय वाईट बोललो? स्टार आहेत त्या आपल्या."

मला काही कळलं नाही, पण बरगडीखालचं ते आंबट जरा वर सरकलं. माझ्याबद्दल इथे काहीतरी होतं जे मला माहीत नव्हतं. देविकाने चहा ठेवला, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. एका कापडी पिशवीत तिने अप्पांच्या वस्तू आधीच भरून ठेवल्या होत्या: हेडफोन, स्टीलचा पेला, घडीची पांढरी काठी, एसीसाठी इथे ठेवलेली राखी शाल. ती शाल मी घरभर शोधली होती. नीट घडी घातली होती तिने. मी तशी घालत नाही.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "फोनवर विचारणं बरं वाटेना. त्यांची तपासणीची रेकॉर्डिंग्ज आहेत आमच्याकडे, बरीच. नवीन प्रोग्रॅमर आले की आम्ही ती ऐकवतो. नियम वाचून त्यांना काही कळत नाही, जयवंतना ऐकलं की कळतं. पण आता ते नाहीत, तर घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय आम्हाला ती ठेवता येणार नाहीत. तुमची प्रत तुम्हाला मिळेलच. प्रश्न इथल्या प्रतीचा आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुसून टाकीन."

"सगळी?"

"सगळी."

अप्पांचा आवाज माझ्याकडे नाही. कुणाच्या तरी लग्नाच्या जुन्या कॅसेटमध्ये ते कुठेतरी मागे "वाढा, वाढा" म्हणतात तेवढाच. जे माझ्याकडे नव्हतं ते हिच्याकडे ढिगाने होतं, आणि ते हिच्याकडे राहावं की नाही हे आता माझ्या एका शब्दावर होतं. मला वाचलेल्या कितीतरी पुस्तकांतल्या शहाण्या, मोठ्या मनाच्या बायका आठवल्या आणि त्यांचा कंटाळा आला. माझी प्रत मी घरी नेईन, दार लावीन, ऐकीन. इथे काही राहणार नाही. ते पुन्हा फक्त अप्पा होतील.

"पुसून टाका," मी म्हटलं.

देविकाचा चेहरा हलला नाही. "बरं," ती म्हणाली.

"अहो, निदान ज्यात ताई स्वतः आहेत ते तरी ऐकवा त्यांना," दीपक म्हणाला. "नाहीतर म्हणतील, मला गप्पवाली का म्हटलं."

देविकाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने अप्पांचेच हेडफोन पिशवीतून काढले, मग काय वाटलं कोण जाणे, ते बाजूला ठेवून आवाज मोकळाच सोडला.

आधी तो चिवचिवाट आला, त्यामागे आमच्या घराचा पंखा. त्याची कुरकुर मी कुठेही ओळखीन. खाली जिन्यात कोणीतरी बादली आपटली. यंत्र भराभर बडबडत होतं आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. देविका माझ्या जरा जवळ सरकली आणि हलक्या आवाजात सांगू लागली, "रजेचा अर्ज आहे... तारीख भरली... कारण... आता खाली येतायत." ती मला माझे वडील वाचून दाखवत होती. मी बोटं चहाच्या कपाला लावून ठेवली. चहा गरम होता. मग चिवचिवाट थांबला, अप्पांनी घसा साफ केला, आणि देविका गप्प झाली, कारण यापुढचं मला कळणार होतं.

"हां. अर्ज भरून झाला. आता पाठवायचं बटण शोधतोय," अप्पा म्हणाले. "बटण. पुढे बटण. परत बटण. एवढी भावंडं आणि एकाचंही बारसं केलेलं नाही. आता नियमात बसतं म्हणाल तर एक गोष्ट बसते. मला सगळीकडे जाता येतंय. कुठे आलो तेवढं कळत नाही." चिवचिव. थांबणं. चिवचिव. "एक दाबून बघितलं असतं, पण हे पाठवायचं की अर्ज पुसायचं ते कोण सांगणार?" मग बराच वेळ काही नाही. पंखा. खुर्चीची एक करकर, ती माझी खुर्ची. मला तो दिवस आठवू लागला, वेगळा असा नाही, अशा पुष्कळ दिवसांतला एक. मी समोर बसलेली, हात मांडीत, बोटं एकमेकांत घट्ट, उजव्या कोपऱ्यातल्या त्या हिरव्या चौकोनाकडे बघत.

"माझी मुलगी समोर बसलीय," अप्पा म्हणाले. ते मला नव्हे, देविकाला सांगत होते, या हॉलला सांगत होते. "तिला दिसतंय बटण कुठे आहे ते. ती सांगत नाहीये. तुमचा नियम आहे ना." चिवचिव, एक, दोन, आणि मग पंख्याच्या कुरकुरीत मला स्पष्ट ऐकू आलं, कोणीतरी नाकाने श्वास सोडला. लहानसा. हातातून काही निसटल्यावर सुटतो तसा.

"थांबा," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात हसू होतं. "आत्ता मी पुढे गेलो. परत मागे जातो." एक चिवचिव. "हं. हे. दाबलं." आणि त्या बाईने, यंत्रातल्या, मलासुद्धा पुरेसं सावकाश वाटेल असं काहीतरी म्हटलं. "अर्ज गेला. देविका, हे नापास लिही. मला बटण सापडलं ते अनूने श्वास सोडला म्हणून. तुमच्या गिऱ्हाइकांपैकी प्रत्येकाच्या घरी ती बसलेली नसणार."

दीपक हसला, आधीच पाठ असलेल्या विनोदाला हसावं तसा. देविकाने आवाज बंद केला. एसीची घरघर परत ऐकू येऊ लागली. मी कपातल्या चहाकडे बघत होते. माझा श्वास. तो त्यांनी ऐकला होता, ओळखला होता, त्यावरून वाट काढली होती, आणि मला मात्र बोलले नव्हते. त्या दिवशी जेवताना कदाचित ते भाजी छान झालीय म्हणाले असतील. सांगितलं तिला. आणि मग किती पोरापोरींनी या हॉलमध्ये बसून, हातात कॉफी धरून, माझा तो श्वास ऐकला होता, हसले होते, नापास म्हणजे काय ते शिकले होते. जगात अप्पांनी माझ्याबद्दल म्हटलेलं एवढं एकच वाक्य असेल जे मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते घराबाहेर सगळ्यांना पाठ होतं. आंबट आता घशाशी होतं. त्यात आणखी काहीतरी मिसळलं होतं, ते मला वेगळं काढता येईना. हे माझं आहे, मला म्हणायचं होतं. बाकीची काय ती ठेवा, हे एक माझं आहे. किंवा सगळीच. किंवा हे ठेवा आणि बाकीची द्या. किंवा तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? एकेक वाक्य ओठांशी येत होतं, आणि त्याला काय नाव द्यावं ते कळत नव्हतं. बटण. बटण. परत बटण.

मी वर पाहिलं. देविका माझ्यासमोर बसली होती. हात मांडीत, बोटं एकमेकांत घट्ट. मोत्याच्या कुड्या हलत नव्हत्या. तिचे डोळे जरा ओले होते आणि ती माझ्याकडे नव्हे, टेबलाच्या कडेकडे बघत होती. तिला हवं होतं ते उघड दिसत होतं. मी काय म्हणायला हवं हे तिला माहीत होतं, आणि ती सांगत नव्हती. अप्पा गेले त्याचं तिलाही काही झालं असेल हा विचार माझ्या मनात पहिल्यांदाच आला आणि मला तो आवडला नाही. त्यातही वाटणी.

"तर मग," मी म्हटलं, "मी म्हटलं तसं, सगळीच..."

तिने श्वास सोडला. अगदी लहानसा, नाकाने. दीपकने मान वळवली, त्यालाही ऐकू आला.

मी थांबले. मग परत मागे गेले.

"सगळीच राहू देत," मी म्हटलं.

देविकाने मान वर केली. माझ्या कपाकडे हात करून म्हणाली, "चहा गार होतोय. ठीक आहे ना?"

मी कप दोन्ही हातांत धरला आणि घोट घेतला. आलं नसलेला चहा. त्यांचा चहा. गोड, गुळगुळीत, कुठे टोचत नाही असा. मला मुळीच आवडला नाही.

"हं," मी म्हटलं.

ती हसली. तिने त्याचा काय अर्थ लावला ते मला दिसत होतं. मी सांगितलं नाही.